नालबंदाची ऐरण : निवड आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं घर वाईला. आण्णांच्या काळापासून नालबंदीचं काम. पावसाळा संपला की पसरणी घाट चढून पाचगणीला टेबललँडवरच्या घोड्यांचे नाल बसवायचे, आणि साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालं की खाली येऊन ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्र्या, म्हणजे बैलाच्या खुराचे पातळ नाल, मारायच्या. त्यामुळे ऐरण एका जागी ठेवून आणि गाडीत घालून फिरवून, दोन्ही प्रकारे वापरून झाली आहे. नवीन मुलं या कामात येतात तेव्हा खूर, रापी, खिळे याबद्दल पुष्कळ विचारतात. ऐरणीबद्दल मात्र पैसे देऊन झाल्यावर विचारतात. तसं होऊ नये म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

नालबंदाला वेगळी ऐरण कशाला? लोहाराची चालत नाही का?

चालते, पण अडते. आपल्याकडच्या लोहाराची जुनी ऐरण म्हणजे लाकडी ठोकळ्यात रोवलेला चौकोनी पोलादी ठोकळा. विळा, खुरपं, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्यासाठी ती उत्तम. घोड्याच्या नालाला मात्र गोलाई द्यावी लागते आणि ती सपाट ठोकळ्यावर देताना हाताची फार दमछाक होते. म्हणून नालबंदाच्या ऐरणीला लांब, निमुळतं शिंग असतं. शिंगाच्या मुळाशी एक खालची पायरी, मधे सपाट तोंड, मागे पातळ शेपूट. शेपटाकडे दोन भोकं: एक चौकोनी, त्यात छिन्नी किंवा साचा उभा करायचा, दुसरं गोल, नालाला खिळ्याची भोकं पाडताना सुंभ्याचं (भोक पाडायच्या हत्याराचं) टोक त्यातून खाली जातं. कमरेला ती लोहाराच्या ऐरणीपेक्षा बारीक असते, कारण ती उचलून न्यायची असते.

मी फक्त बैलांच्या पत्र्या मारतो. मला शिंग लागेल का?

नाही. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून प्रत्येक पायाला दोन, सगळ्या मिळून आठ पत्र्या. त्या पातळ आणि बहुतेक थंड्याच ठोकून बसवतात. तुम्हाला सपाट तोंड आणि एक नीट गोल भोक असलं की झालं. वीस-पंचवीस किलोचा चांगला पोलादी ठोकळा पुरतो. पुढेमागे घोड्यांचं काम करायचं मनात असेल तर मात्र आत्ताच शिंगाची घ्या. दोनदा खर्च करू नका.

वजन किती असावं?

जाणती माणसं सांगतात, हातोड्याच्या पन्नासपट. नालबंदाचा हातोडा साधारण एक किलोचा, म्हणजे ऐरण पन्नास किलोची. एका जागी बसून काम असेल तर हा हिशेब पाळा, जास्त असली तरी हरकत नाही. गाडीतून फिरणार असाल तर ३० ते ४० किलोच्या पुढे जाऊ नका. रोज चारदा चढवायची-उतरवायची असते, आणि कंबर एकदा गेली की ऐरण कितीही चांगली असून उपयोग नाही.

हलकी ऐरण घट्ट बांधली तर तिच्यावर जड ऐरणीसारखं काम होतं. सैल ठेवलेली जड ऐरण मात्र प्रत्येक घावाला नाचते आणि तुमच्या हाताचा अर्धा जोर खाते. वजनासाठी जेवढी घासाघीस करता तेवढा विचार बांधणीचाही करा.

एवढा खर्च ऐरणीवर कशाला करायचा? खुरावर बसतो तो नाल.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाल तयार झाला की तो ऐरणीच्या तोंडावर पालथा ठेवा. एका टाचेवर बोट दाबा, मग दुसऱ्या टाचेवर. आवाज आला नाही, तर नाल सपाट आहे. ‘टक’ असा बारीक आवाज आला, तर नालाला पीळ आहे. आता खाली वाकून नाल आणि ऐरण यांच्या मधून उजेडाकडे पाहा. कुठे उजेडाची रेघ दिसते ते कळेल, तेवढीच जागा ठोकायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते मी प्रत्येक नालाला करतो.

आता समजा, ऐरणीचं तोंडच मधे दीड-दोन मिलिमीटर खोल गेलेलं आहे. त्या खोलगट जागेवर ठोकलेला नाल खोलगटच होणार, आणि त्याच जागेवर तपासला तर बरोबरच वाटणार! असा नाल खुराला लागला की भार सगळीकडे सारखा पडत नाही. दोन ठिकाणी दाब येतो, खिळे ढिले होतात, खुराची भिंत तडकते. टेबललँडचा जांभा तर कानशीसारखा आहे. वाकडा बसलेला नाल तिथे एका बाजूने झिजतो आणि आठवड्याभरात घोडा पाय चुकवायला लागतो. लोक खिळ्याला दोष देतात, घोड्याला देतात. चूक ऐरणीच्या तोंडावर सुरू झालेली असते.

लोहाराला थोडं खोलगट तोंड चालतं, वाकडी पट्टी सरळ करायला त्याचा फायदाही होतो. नालबंदाला ते चालत नाही. तुमची ऐरण ही तुमची मोजपट्टी आहे आणि तिच्या खोटेपणाची किंमत मुकं जनावर देतं.

जुनी ऐरण घेताना काय तपासायचं?

पहिल्यांदा फूटभर लांबीची पोलादी पट्टी तोंडावर उभी धरा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पट्टीखालून उजेड दिसतो का पाहा. केसभर दिसला तर ठीक, पोस्टकार्ड सरकलं तर नको.

मग छर्रा. बेअरिंगमधला एक इंची पोलादी छर्रा गॅरेजवाला सहज देतो. तो तोंडापासून २५ सेंटिमीटरवरून अलगद सोडायचा, ढकलायचा नाही. चांगल्या पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून निववून कडक केलेल्या पोलादावर तो १९-२० सेंटिमीटर किंवा त्याहून वर उडतो आणि बराच वेळ टिकटिक करत नाचत राहतो. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ऐरणीवर निम्म्यापर्यंतही येत नाही, दोन-तीन उड्यांत बसतो. तोंडावर आठ-दहा ठिकाणी सोडून बघा. एकाच जागी कमी उडाला तर तिथलं पाणी उतरलेलं आहे किंवा आतून पोकळी आहे.

तिसरं, छोट्या हातोडीने सगळ्या तोंडावर हलके ठोके द्या. पोलाद घंटेसारखं बोलतं. बीड ‘थप’ म्हणतं. खणखणीत बोलता बोलता मधेच एका ठिकाणी आवाज बसला तर वरची पाटी खालच्या लोखंडापासून सुटली आहे. जुन्या ऐरणींना खाली साधं लोखंड आणि वर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादी पाटी जोडलेली असे, तो जोड कधी कधी सोडतो. फक्त आवाजावर मात्र जाऊ नका. खाली कशी ठेवली आहे यावरही आवाज बदलतो. बीड अंगाला असून वर पोलादी तोंड असलेल्या काही चांगल्या ऐरणी मुळातच मुक्या असतात. छर्रा खोटं बोलत नाही.

मी एकदा भंगाराच्या दुकानात अशीच एक ऐरण पाहत होतो. हिरवा रंग नवाकोरा, तोंड आरशासारखं. छर्रा टाकला तर तो जेमतेम बोटभर वर आला. तोंडावर अंगठा घासला तेव्हा कडेला रंगाखाली पांढुरका थर लागला. खड्डे लांबीने (पुटीने) भरून, ग्राइंडर मारून, वर पातळ रंग दिला होता. ताजा रंग दिसला की विकत घेण्याआधी थोडा खरवडून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर पुढे चला.

ऐरणीवर इंग्रजी आकडे कोरलेत, १-०-१०. हे वजन आहे का?

हो. जुन्या कारखान्यांच्या भंगारात कधी कधी विलायती ऐरण मिळते, तिच्यावर असे तीन आकडे असतात. पहिला आकडा गुणिले ११२ पौंड, दुसरा गुणिले २८, तिसरा सुटे पौंड. म्हणजे १-०-१० ची ऐरण १२२ पौंडांची, साधारण ५५ किलो. काट्यावर ती बरीच कमी भरली तर तिच्यातून काहीतरी कापून किंवा घासून गेलेलं आहे.

बिडाची नवी ऐरण स्वस्त मिळते. शिकण्यापुरती घेऊ का?

घेऊ नका. बीड ठिसूळ असतं, कडा पावासारख्या तुटतात, आणि तोंडाला खड्डे पडतात ते बघता बघता. बीड वाईट धातू नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिल्यापासून सांगली जिल्ह्याने ओतकामात नाव कमावलं आहे आणि पंपाच्या अंगाला बीडच पाहिजे. पण ऐरण घाव परतवते, आणि ते बिडाचं काम नाही. शिकणाऱ्याला तर चांगली उसळी देणारी ऐरण जास्त गरजेची, कारण त्याचा हात अजून बसलेला नसतो.

ओळखायची खूण : खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, ग्राइंडर क्षणभर टेकवा. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. पोलादाच्या लांब, पिवळ्या, टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या.

मग कमी पैशात काय? रेल्वेच्या रुळाचा तुकडा?

बिडापेक्षा शंभर पटीने बरा. रुळाचं पोलाद कडक असतं आणि हजारो गाड्या झेलून आलेलं असतं. आपल्याकडे ५२ आणि ६० किलोचे रूळ असतात, म्हणजे एका मीटरचं तेवढं वजन. ६० किलोच्या रुळाचा फूटभर तुकडा साधारण १८ किलोचा होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रुळाचा माथा पूर्ण सपाट नसतो, त्याला हलकी गोलाई असते. आडवा वापरायचा असेल तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपमध्ये मशीनवर सपाट करून घ्या. आडव्या रुळाची कंबर बोटाएवढी पातळ, म्हणून माथ्याच्या कडेवर घाव पडला की तो थरथरतो. त्यापेक्षा दीड-दोन फुटांचा तुकडा उभा रोवा, कापलेलं तोंड वर करून. तोंड लहान मिळतं, पण घावाखाली सरळ सगळं पोलाद असतं. बैलांच्या पत्र्यांना मी आजही तसाच उभा तुकडा वापरतो.

आणि रूळ पावतीशिवाय घेऊ नका, मिरजेत कोणी कितीही स्वस्तात दिला तरी. रेल्वे मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. तुमच्याकडचा तुकडा चोरीचा निघाला तर कोर्टाच्या चकरा तुम्हालाच. लिलावातून माल उचललेल्या भंगारवाल्याकडून रीतसर बिल करून घ्या आणि ते बिल जपून ठेवा.

ऐरण किती उंचीवर बसवायची?

सरळ उभे राहा, हात सोडा, मूठ वळा. बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचं तोंड. खात्री करायची असेल तर तोंडावर मऊ लाकडाची फळी ठेवून नेहमीसारखे दहा घाव घाला. फळीवर हातोड्याचे पूर्ण गोल उमटले तर उंची बरोबर. तुमच्याकडच्या बाजूला अर्धचंद्र खोल उमटले तर ऐरण उंच आहे. पलीकडच्या बाजूला उमटले तर बुटकी. बसून काम करणाऱ्यांनीही हीच परीक्षा करावी.

ठोकळा कोणत्या लाकडाचा?

बाभळीचा. बैलगाडीच्या कामाला हेच लाकूड का घेतात ते ज्याने गाडी ओढलेली पाहिली आहे त्याला सांगायला नको. बुंध्याचा तुकडा घ्या आणि रेषा उभ्या राहतील असा बसवा. आडव्या रेषांचा ठोकळा वर्षभरात चिरतो. किमान सहा महिने सावलीत वाळू द्या, वर-खाली लोखंडी कडी ठोका. ठोकळ्याचं वरचं तोंड आणि ऐरणीचा तळ यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये.

गाडीतून फिरणाऱ्यांनी तीन पायांचं लोखंडी स्टँड करून घ्यावं. चार पायांचं शेतात, गोठ्यात, उतारावर कुठेही डुगडुगतं. तीन पाय कुठेही टेकतात.

आवाजाने घोडा बिचकतो, शेजारीही वैतागतात.

शेपटाच्या खालच्या बाजूला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक चिकटवा. लगेच फरक कळतो. कमरेभोवती साखळी घट्ट आवळली तरी आवाज बसतो. तळाशी रबराचा पातळ तुकडा घालतात काही जण, पण तो जाड असला तर ऐरण उसळायला लागते. कानात बोळे घाला. आण्णांनी कधी घातले नाहीत. साठीनंतर त्यांना हाक मारायची तर समोर जाऊन उभं राहावं लागायचं.

नव्या ऐरणीच्या कडा धारदार आहेत. तशाच ठेवू?

नाही. धारदार कड पहिली तुटते आणि तुटलेली कपची गोळीसारखी उडते. कानशीने कडा दोन-तीन मिलिमीटर गोल करा. नालाच्या पुढच्या बाजूला छोटा कान काढायला बोटभर लांबीची एक कड जरा टोकदार ठेवली तर काम सोपं होतं. बाकी सगळी गोल.

आणि मोकळ्या ऐरणीवर हातोडा कधीही आपटू नका. दोन घावांच्या मधे तोंडावर टकटक करायची पुष्कळांना सवय असते, ती हलकी असली तर चालते, कडेवर नको. कडक पोलादावर कडक पोलाद बसलं की काहीतरी फुटतं. माझ्या डाव्या हातात कोपराखाली गव्हाच्या दाण्याएवढी कपची अजून आहे, कडाक्याच्या थंडीत ती दुखते. ती चार बोटं वर आली असती तर डोळा गेला असता. चष्मा लावल्याशिवाय कामाला बसू नका आणि पोरांना ऐरणीजवळ उभं करू नका.

छिन्नीने तोंडावर खाच पडली. वेल्डिंग करून भरू का?

छोटी खाच असेल तर तशीच राहू द्या. तिला चुकवून काम करायची सवय लागते. ग्राइंडरने सगळं तोंड खाली आणू नका. कडक थर मुळातच थोडा असतो, आणि ग्राइंडर एका जागी रेंगाळला, पोलाद निळं पडलं, की तिथलं पाणी उतरलं.

वेल्डिंग हे जाणकाराचंच काम. आण्णांच्या ऐरणीची कड तुटली होती, ती मी एका वर्कशॉपमध्ये भरून आणली. त्यांनी थंड्या ऐरणीवरच वेल्डिंग मारलं. दिसायला सुंदर झालं. पुढच्या हंगामात भरलेला तुकडा शेजारच्या बोटभर पोलादासकट निघून आला. मीही विचारलं नव्हतं, ही माझी चूक. अशा पोलादाला आधी सगळीकडून सारखं तापवावं लागतं, साधारण २०० अंशांपर्यंत, मग कडक थराची कांडी वापरायची, आणि झाल्यावर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यायचं. हे करतो का असं आधी विचारा. आणि भट्टीत घालून लाल करायचा विचारही मनात आणू नका.

खाच पडूच नये म्हणून तोडायचं काम पायरीवर करा. ती मऊ असते, त्यासाठीच असते.

महाबळेश्वर-पाटणच्या पावसात गंज कसा थांबवायचा?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे नुसतं झाकून भागत नाही, उलट प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि जास्त गंजतं. काम थांबणार असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा, उन्हात किंवा शेगडीजवळ हाताला कोमट लागेपर्यंत तापू द्या, आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. ते सुकून त्याची पापुद्र्यासारखी साय धरते. जाड लावलं तर चिकट होतं. वर गोणपाट टाका. ठोकळ्याच्या आणि ऐरणीच्या मधे पाणी मुरतं, म्हणून पावसाळ्याआधी एकदा ऐरण उचलून तळही पुसा.

तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

माण, खटाव, आटपाडीकडच्या कोरड्या हवेत एवढं करावं लागत नाही. रोज वापरातल्या ऐरणीचं तोंड हातोड्यानेच चकचकीत राहतं, तिथे तेल नको, नाल सरकतो.

रोज काय करायचं?

लाल नालावरून काळी खपली सुटते ती दर वेळी ब्रशने झाडा. तीच पुढच्या नालात ठोकली जाते आणि तोंडावर बारीक खड्डेही पाडते. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा. घोड्याच्या मुतारीजवळ ऐरण ठेवू नका. बांधणीचे खिळे-पट्ट्या आठवड्याने आवळा. थंडीच्या सकाळी पहिला नाल घेण्याआधी एक तापलेला गज दहा मिनिटं तोंडावर ठेवा, नाहीतर गार ऐरण पातळ नालाची सगळी ऊब ओढून घेते आणि तुम्ही गार लोखंडावर घाव घालत बसता.

नाल सपाट आहे, ऐरण चांगली आहे, तरी जनावर लंगडतं.

मग नाल काढा आणि ठोकाठोक थांबवा. खुरात पू असेल, खिळा आत लागला असेल. आपण पशुवैद्य नाही. गावातल्या डॉक्टरांना दाखवा, आणि अवघड असेल तर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे न्या.

खंडेनवमीला ऐरणीची पूजा करतो. पाणी-हळदीने खराब होते का?

पूजा जरूर करा. आमच्या घरी ऐरणीला पाय लावत नाहीत, तिच्यावर बसत नाहीत, आणि खंडेनवमीच्या दिवशी तिच्यावर घाव घालत नाहीत. पण ओल्या हळदीकुंकवाचे बोट रात्रभर तोंडावर राहिलं की खाली तपकिरी डाग उठतो. आई त्यासाठी पूजेआधीच तोंडावर तेलाचं बोट फिरवते आणि हळद-कुंकू शिंगाच्या मुळाशी, पायरीवर लावते. दसऱ्याला सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची, पट्टी उभी धरून तोंड तपासायचं, आणि मग हंगामाचा पहिला नाल.